चौकशी पुरी होईपर्यंत

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, आणि रागावल्यावर तर हमखास घेते. आमचे हे, चिंतामणी, मोजणी खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर लोकांच्या हद्दी तपासल्या आणि ती खोड घरीही आणली. नारळ घ्यायचा तरी चार दुकानं फिरणार. आमच्या लेकीच्या, अपूर्वाच्या लग्नाच्या वेळी तर विचारू नका. मुलाच्या आजोळपर्यंत जाऊन आले, तीन स्थळं मोडली. चौथं लागलं ते मात्र खरंच चांगलं निघालं. तिथेच घात झाला. आपली चौकशी कधी चुकत नाही, हे यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

दोन हजार एक सालच्या गुढीपाडव्याला पुरणपोळीचा घास यांच्या छातीत अडकला. पाणी प्यायल्यावर उतरला. पुढे भाकरी अडकायला लागली, मग आंबोळीसुद्धा. आमचे नेहमीचे डॉक्टर एरवी थट्टेखोर, पण त्या दिवशी हसले नाहीत. म्हणाले, "काका, दुर्बीण घालून आत बघायला हवं. गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टकडे, म्हणजे पोटाच्या स्पेशालिस्टकडे जा. कोल्हापूर, पुणे, मुंबई, कुठलाही चालेल, पण लगेच जा. वाईट काही असेल तर लवकर कापून काढता येतं."

मला तेवढं पुरलं. घरी आल्या आल्या मी माळ्यावरची बॅग काढली.

"अगो, ठेव ती," हे म्हणाले. "कुणाच्याही हाती जीव द्यायचा का? आधी चौकशी करू."

झालं! कोल्हापूरच्या डॉक्टरकडे जाऊन आलेला एक माणूस सावर्ड्याला राहतो असं कळलं, तर हे एसटीने त्याच्या घरी. तो बापडा ठणठणीत बरा झालेला, पण बोलता बोलता म्हणाला की डॉक्टर फार बोलत नाहीत. तेवढ्यावर कोल्हापूर बाद. पुण्याचे उठसूट ऑपरेशन सांगतात असं कुणी म्हणालं, ते बाद. रत्नागिरीत महिन्यातून एकदा मुंबईचे एक डॉक्टर येत, अगदी दाराशी चालून आलेले! पण "फिरत्या माणसाचा काय भरवसा?" अपूर्वाने ठाण्याहून फोनवर दोन नावं सांगितली, तर म्हणे पोरींना काय कळतंय.

घाबरत होते म्हणावं तर तसंही नाही. चौकशी चालू असली की यांना वाटे, उपचार चालूच आहेत. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून मला सगळं सांगत, आणि तो गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट शब्द असा सफाईने उच्चारत की जणू स्वतःच ती परीक्षा पास झालेत. मी भांडले. अबोला धरला. एकदा तर न विचारता गाडीची तिकिटं काढून आणली, ती यांनी स्वतः जाऊन परत केली.

गणपतीत यांनी मोदकाला हात लावला नाही. ताटात मऊ भात, त्यावर ताक, आणि तोही घासाघासाला थांबून. दसऱ्याला नुसती पेज. शर्टाच्या गळ्यात दोन बोटं जायची ती आता मूठ जायला लागली, आणि हा माणूस मला सांगतोय, "हातखंब्याच्या वकिलांकडून एक नाव आलंय. मुंबईचे. मूळ दाभोळचे, आजोबा शाळामास्तर. पेशंटला आधी बसा म्हणतात, मग बोलतात. पैशाला हपापलेले नाहीत. तरी आणखी एकाला विचारतो." मी म्हटलं, "विचारा! तुमच्या तेराव्याला मी सगळ्यांना सांगेन, चौकशी फार छान झाली होती." बोलून गेले आणि जीभ चावली. पण दिवाळी होताच आम्ही मुंबईला निघालो.

डॉक्टर खरोखरच "बसा" म्हणाले. दुर्बीण घालून झाली. दोन दिवसांनी रिपोर्ट समोर ठेवून त्यांनी यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, गुढीपाडव्यापासून त्रास आहे म्हणता. मग इतके महिने काय केलंत?"

हे हसले. केवढ्या अभिमानाने! "तुमचीच चौकशी करत होतो, डॉक्टर."

डॉक्टरांनी मान खाली घातली. यांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला थांबवून घेतलं. अन्ननलिकेत गाठ होती, आता यकृतातही पसरली होती. कापून उपयोग नव्हता. पेज तरी उतरावी म्हणून आत एक नळी बसवता येईल म्हणाले. "उन्हाळ्यात आला असतात तर..." भला माणूस. त्यांच्यावर चिडायला काही जागाच नव्हती.

बाहेर हे बाकावर टेकून बसले होते. मला बघताच म्हणाले, "पाहिलंस? किती शांतपणे ऐकून घेतात! घाई केली असती तर भलत्याच कुणाच्या हाती सापडलो असतो."

सात महिन्यांचं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण उठवायला हात पुढे केला, तर हे एका हातावर उठून आले. एवढा उंचापुरा माणूस, आणि वजन असं नाहीच. मग मात्र मला आवरेना. भर दवाखान्यात, चार लोकांदेखत, मी हमसाहमशी रडायला लागले.

यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "अगो वेडे, आता कसली रडतेस? सापडला ना डॉक्टर!"