न दिलेला कॉमा

चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या एका क्लासात कीर्तना कॅनडाला निघालेल्या लोकांना इंग्रजी शिकवायची, आणि तिला कॅनडाची मनापासून कीव यायची. समोर बसलेले इंजिनिअर पुलांची गणितं तोंडी सोडवत, पण 'हू' आणि 'विच' आलं की त्यांची पार शेळी होई. ती फळ्यावर नेहमीचंच वाक्य लिही : माय ब्रदर, हू लिव्हज इन तांबरम, इज अ डॉक्टर.

"दोन कॉमांच्या मधली ही जादा माहिती," ती सांगे. "तांबरम खोडलंत तरी भाऊ राहतो, डॉक्टरही राहतो. कारण भाऊ एकच आहे. आता कॉमा काढा. काय झालं?"

मग उत्तरही तीच देई.

"भाऊ वाढले! तांबरमचा तेवढा डॉक्टर. बाकीचे काय दिवे लावतात ते देवाला ठाऊक."

लोक हसत, उतरवून घेत, आणि पुढच्याच निबंधात कॉमा न देता 'माय मदर हू इज अ हाउसवाइफ' लिहून एकीच्या चार आया करून ठेवत.

तसा दोष त्यांचा नव्हता. 'तांबरमला राहणारा माझा भाऊ' असं मराठीत म्हटलं तर भाऊ एक की अनेक, हे कुणी विचारत बसत नाही. तमिळमध्येही नाही. कीर्तनाच्या घरी या दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदायच्या, तंजावरहून चेन्नईला आलेल्या मराठी घरांत नांदतात तशा. पण कारण कळलं म्हणून माफ करणं तिच्या स्वभावात नव्हतं. बँकेतून निवृत्त झालेले तिचे अप्पा, बालाजीराव, जेवताना 'डिस्कस अबाउट' म्हणाले तरी ती त्यांना झापायची.

अशा मुलीला प्राणेश आवडावा यात नवल काय? घराणं तंजावरकडचंच. पुण्यात मोटारीचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मॅनेजर, आणि आता बदली घेऊन चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात येणार. मुलगी बघायला आला तेव्हा त्याने पहिल्या काही मिनिटांतच अप्पांचं 'रिटर्न बॅक' दुरुस्त केलं. नुसतं 'रिटर्न' म्हणायचं, त्यात 'बॅक' आलंच, असं त्यांना नीट समजावून सांगितलं. अप्पा ओशाळून हसले. आणि कीर्तनाला, सांगायचीही लाज वाटावी, पण मनातून गुदगुल्या झाल्या. घरी पोचल्यावर त्याचा मेसेज आला : युअर फादर, हू स्पीक्स लव्हली मराठी, स्केअर्ड मी. दोन कॉमा. दोन्ही जिथल्या तिथे. कीर्तनाने तो पुन्हा पुन्हा वाचला, आणि दुसऱ्या दिवशी घरी होकार सांगून टाकला.

साखरपुड्याची तारीख ठरवायला मुलाकडची मंडळी रविवारी यायची होती. आदल्या दिवशी प्राणेशने पुण्याच्या ऑफिसला पाठवलेल्या निरोपाच्या मेलची प्रत तिला धाडली. वर एक ओळ : चूक शोधून दाखव. मेल झकास होता. ज्या साहेबाने त्याला नोकरी दिली त्याच्या मागेपुढे कॉमा, ज्या कँटीनची आठवण येणार नव्हती तिच्याही मागेपुढे कॉमा. आणि मध्येच एक वाक्य : माय फियान्से हू लिव्हज इन चेन्नई इज अ टीचर. इथे कॉमा नव्हता. ठरलेली मुलगी, चेन्नईत राहते ती, शिक्षिका आहे. मग जी चेन्नईत राहत नाही, ती कोण?

कुणाचं तरी इंग्रजी वाईट निघू दे, अशी प्रार्थना कीर्तनाने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा केली. घाईत राहिला असेल. फोनने खाल्ला असेल. ज्या सबबींसाठी ती वर्गात लोकांची बिनपाण्याने करायची, त्या सगळ्या तिने स्वतःच त्याच्यासाठी शोधल्या. कँटीनला कॉमा मिळतो आणि मला मिळत नाही, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

रविवारी प्राणेश आला तो आईला, विद्यालक्ष्मींना घेऊन. कॉफी झाली, हवापाणी झालं.

"मग, सापडली का चूक?" प्राणेशने पाय पसरत विचारलं.

"एक सापडली," कीर्तना म्हणाली आणि तिने फोनवरून ते वाक्य वाचून दाखवलं. "इथे दोन कॉमा राहिलेत. ते नसले की तुमच्या ठरलेल्या मुली एकाहून जास्त होतात."

ती हसत म्हणाली, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. त्याने कपाळावर हात मारून 'विसरलो' म्हणावं, तिला एवढंच हवं होतं.

त्याच्याआधी अप्पाच धावले. "अग, सोड की कीर्तना! माप्पिळ्ळैंस कॉमाचं येवढं कळत नसेल. आपल्या अस्क्यांचं, सगळ्यांचंच इंग्लिश तसंच. मराठीत विचार करतो, इंग्लिशीत लिहितो. परवाइल्लै, चालतं!"

ज्या माणसाने त्यांना त्यांच्याच घरात इंग्रजी शिकवलं होतं, त्या होणाऱ्या जावयाला अप्पा आपल्या पंगतीत बसवून वाचवायला निघाले होते. प्राणेशने नुसती मान हलवली असती तरी सगळं निभावलं असतं. पण त्याचे कान लाल झाले.

"मामा, मला कॉमा कळतो," तो अप्पांना म्हणाला. "शाळेत असल्यापासून कळतो. कुठे द्यायचा आणि कुठे नाही, ते विचार करूनच लिहितो मी."

"मग इथे का नाही दिलात?" कीर्तनाने विचारलं.

"इथे नकोच होता. नाहीतर ऑफिसातल्या लोकांना कसं कळणार, कुठली..."

तो थांबला. विद्यालक्ष्मींना मात्र थांबता आलं नाही. त्यांनी कॉफीच्या पेल्याखालचा वाटीसारखा डबरा खाली आपटला.

"एन्नडा हे! त्या पुण्याच्या पोरीस सांगतों म्हणून बोललास ना रे मज? अजून सांगटलं नाहीस?"

कीर्तनाला संताप आला, रडूही आलं, पण सगळ्यांत जास्त झोंबलं ते हे की वाक्य अगदी बरोबर होतं. वर्गात कुणी लिहिलं असतं तर तिने पैकीच्या पैकी मार्क दिले असते. आणि हा माणूस एवढा मूर्ख, की फसवणूक उघडी पडली तरी चालेल, पण व्याकरण कच्चं म्हटलेलं त्याला खपलं नव्हतं. याच तोऱ्यावर आपण भाळलो होतो, हे आठवून तिला स्वतःचीही शिसारी आली.

"वाक्य बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "चूक माझीच झाली. आता त्यातलं 'हू लिव्हज इन चेन्नई' तेवढं खोडून टाका. पुण्याची एकच उरली, की कुठली ते सांगावं लागत नाही."

"कीर्तना, ऐकून तर घे..." प्राणेशने सुरुवात केली.

अप्पा उठले. ते दारापर्यंत गेले आणि दार उघडून उभे राहिले. बँकेत भांडखोर गिऱ्हाइकाशी ते इंग्रजीत बोलत, आत्ताही त्यांनी तेच केलं.

"मिस्टर प्राणेश," ते म्हणाले, "प्लीज रिटर्न बॅक टु पुणे."

कीर्तनाने ते दुरुस्त केलं नाही.