नाल असलेला ट्रॅक्टर

जुनी यंत्रे विकणाऱ्या पॅकीच्या अंगणात दोन करडे फर्ग्युसन ट्रॅक्टर उभे होते. एक नव्या रंगाने चकाकत होता, किल्ली फिरवली की लगेच सुरू व्हायचा. दुसऱ्याच्या चाकांत गवत उगवले होते आणि इंजिन जाम.

मॅलाकीला ट्रॅक्टर हवा होता तो फेलिमसाठी. थोरला भाऊ अर्धांगाने खिडकीशी पडून होता. वाचा गेली होती, कान तेवढे शाबूत. वडिलांचा करडा ट्रॅक्टर सकाळी सुरू व्हायचा, तो आवाज त्याला एकदा खिडकीखाली ऐकवायचा, एवढेच मॅलाकीच्या मनात होते.

"चकाकतोय तो घे," पॅकी म्हणाला. "आत्ता चालवत घरी नेशील."

"त्याच्या अंगावर एक तरी मूळचा नट आहे का?"

"भावाला नट ऐकवायचेत की इंजिन?"

मॅलाकी हसला. जाम ट्रॅक्टरच्या मागच्या दांडीवरून हात फिरवताना गंजाखाली त्याच्या बोटांना काहीतरी लागले. खरवडले, तर घोड्याचा नाल. वडिलांनीच वेल्डिंग करून बसवलेला. विकल्यावर तो ट्रॅक्टर कुठे गेला, कोणालाच ठाऊक नव्हते.

"हाच," तो म्हणाला.

"अरे म्हाताऱ्या, याचे पिस्टन आता देवालाच सुटतील!"

"सुटतील. आमचा आहे हा."

सौदा पक्का म्हणून पॅकीने तळहातावर थुंकून टाळी दिली आणि रीतीप्रमाणे घेतलेल्या पैशांतली एक नोट शुभाची म्हणून परत केली.

पिस्टन डिझेलमध्ये भिजत राहिले. मॅलाकी हातोडीने हळूहळू ठोकत राहिला. रविवारी चर्चहून येताना भावाच्या घरी थांबून त्याच्या कानाशी वाकून सांगायचा, "आपला नाल सापडलाय रे." फेलिम खिडकीबाहेर बघायचा.

"रोज कान देऊन पडलेला असतो," ब्रीज, फेलिमची बायको, म्हणाली. "कधी आणतोस? नाहीतर पॅकीचा तरी आण मागून."

"परक्याचा आवाज कशाला ऐकवू त्याला?"

फेलिम नोव्हेंबरात गेला. पिस्टन तसेच जाम होते.

त्या भागात शेतकऱ्याच्या शवपेटीपुढे जुना ट्रॅक्टर चालतो. पॅकीने न सांगता आपला चकाकता आणला. झिमझिम पाऊस होता. वळणावर तो ट्रॅक्टर कुंपणाआड गेला, दिसेनासा झाला, नुसता आवाज उरला. मॅलाकी चालता चालता थबकला. वडिलांच्या ट्रॅक्टरची तीच धडधड, चढाला तसेच दम लागल्यासारखे खोकणे. तसूभर फरक नाही.

ब्रीजने त्याचा दंड धरला. "हाच का रे तुमचा?"

"नाही," मॅलाकी म्हणाला. थोडे चालल्यावर म्हणाला, "पण आवाज हाच."