जुनं दावं घेऊन या

सुनेला चाकावर बसवलं की तिचा एक हात चाकाला आणि दुसरा फोनला. दोर वळायचं काम दोघींचं. एकीने चाक फिरवायचं, दुसरीने कमरेला घायपाताच्या तंतूंचा वाख बांधून, बोटांतून एकेक धागा सोडत उलट्या पावली मागे मागे जायचं. चाकवालीचं लक्ष उडालं की पीळ ढिला पडतो, आणि ढिला पीळ म्हातारीच्या बोटांना साठ पावलांवरून कळतो.

"अगं ए! चाक झोपलं का तू झोपलीस?" म्हातारी त्या टोकाकडून ओरडली. "त्या डबीत काय नवरा दिसतो का तुला?"

"दिसला तर बरंच की, आत्याबाई. पंधरा दिवस झाले, ट्रक घेऊन गेलाय तो गेलाय."

एरवी असल्या उत्तराला म्हातारी खुदकन हसली असती. आज हसली नाही. खाई त्याला खवखवे. महिनाभर तिचं तोंड जरा जास्तच चालत होतं, आणि ते कशापायी, हे तिचं तिलाच ठाऊक.

झालं होतं असं. आसपासच्या सात वस्त्यांची गुरं याच घरच्या दाव्यांनी बांधलेली. घरची रीत एकच, नवं दावं हवं तर जुनं घेऊन यायचं. म्हातारी ते मांडीवर घ्यायची, त्यावर बोटं फिरवायची आणि सांगायची, "तुझी गाय डावीकडे ओढते, खुंटा हलव." नाहीतर, "अरे, हिला पाणी कमी पडतंय, चावून चोथा केलाय बघ." शाळा जेमतेम दुसरीपर्यंतची, पण दावं कसं धडाधड वाचायची! मग ज्या जनावराची जशी खोड, तसं त्याचं दावं.

पुढे बाजारात नायलॉन आलं आणि वस्त्यांवरची पोरं तिकडे जायला लागली. सून हात बांधून बसणारी नव्हे. तिने शहरातला जाहिरातवाला बोलावला. त्याने चाकाचे, वाखाचे, सुनेच्या बांगड्यांचे फोटो काढले.

"आजी, जरा हसा की."

"का? दात मोजून विकत घेतोस का मला?" म्हातारी म्हणाली.

फोनवर नऊ हजार माणसांनी दोर बघितला. सून रोज वाचून दाखवायची. एकीला गुलाबी हवा होता. एकाला दिवाणखान्यात टांगायला दोन हात पुरे होते. समुद्रापलीकडून कुणी विचारलं, मांजराला चालेल का? आणि फोटोंखाली लाल बदाम तर इतके, की पोतं भरावं.

"बघणारे नऊ हजार, आणि दारात खुंटा एकाच्याही नाही," म्हातारी फणकारायची. ज्यांच्या दारात खुंटा होता ते दिवस उजाडल्यापासून शेणामुतात. त्यांचं दावं तुटलं की ते फोन बघत नाहीत, शेजाऱ्याला विचारतात. जाहिरातीत सगळं होतं, पण जुनं दावं घेऊन या, एवढं मात्र नव्हतं. जाहिरातवाल्याला ते ठाऊक नव्हतं, सुनेला ते सांगण्याजोगं वाटलं नाही, आणि म्हातारी गप्प राहिली. मला विचारायला आले तर सांगेन, असा ताठा.

अख्ख्या जाहिरातीतून जवळची मागणी आली ती एकच. पलीकडच्या वस्तीवरची गवळण म्हातारीची तीस वर्षांची गिऱ्हाईक. तिच्या लेकाने फोनवरूनच कळवलं, म्हशीचं दावं, एक, पाच हात, तीन पेडी.

म्हातारीला ती म्हैस पाठ होती. गव्हाणीच्या दगडावर दावं घासायची तिची खोड. जुनं दावं दर खेपेला गळ्यापासून वीतभर अंतरावर विरलेलं यायचं. तेवढ्या जागी म्हातारी न सांगता चौथा पेड घालायची. या खेपेलाही तिने चौथ्या पेडाचा वाख वेगळा काढला, हातात धरला, आणि परत ठेवून दिला. फोनने तीन पेड मागितलेत, फोनला तीनच मिळतील.

दीड महिन्यात दावं तुटलं. म्हैस गाभण. उधळली ती उतारावरून खडकांत गेली. ती वाचली, पोटातलं रेडकू गेलं. फोनवरचं दावं कुजकं निघालं, असं साती वस्त्यांत झालं, आणि होती ती गिऱ्हाइकंही तुटली. सून दोन दिवस जेवली नाही. म्हातारी एवढंच म्हणाली, "सांगत नव्हते मी?"

चाक थांबलं.

"आता काय झालं गं?"

सून उठून उभी राहिली होती. रणरणत्या उन्हात, वाखाची कुसं उडत होती तिथे, गवळण येऊन ठाकली होती.

"ये, बस," म्हातारी म्हणाली.

"बसायला नाही आले." गवळणीने पदराखालून दाव्याचे दोन तुकडे काढून म्हातारीच्या पायाशी टाकले. "जुनं दावं आणलंय. तुझी रीत ना? वाच. माझ्या म्हशीचं काय चुकलं ते सांग."

सून धावत मध्ये आली. "मावशी, चूक माझी आहे. मागणी मी घेतली, जुनं दावं मी मागितलं नाही. आत्याबाईंना काही बोलू नका. फोनवरचं सगळं मी आजच काढून टाकते."

म्हातारीने तुकडे उचलले. बोटं सरकत गेली आणि गळ्यापासून वीतभरावर थांबली. तिथेच. बघायचीही गरज नव्हती. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. सून तर आधीच मान खाली घालून उभी होती.

"म्हशीचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "इथे चौथा पेड लागतो. दर वेळी घालते मी. या वेळी नाही घातला."

"विसरलीस?" गवळणीने विचारलं. हो म्हण, असं तिच्या आवाजातच होतं.

"विसरले असते तर बरं झालं असतं. हिच्या फोनची जिरवायची होती मला."

गवळण मटकन खाली बसली. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुझ्या पिळात माझं रेडकू गेलं गं."

"गेलं," म्हातारी म्हणाली.

"वळ आता नवं. इथे बसून बघणार मी. पेड मोजणार."

म्हातारीने कमरेचा वाख सोडला आणि सुनेपुढे धरला. पोरीचे डोळे भरून आले होते.

"रडू नकोस, वाख भिजतो. त्या फोनवर लिही, जुनं दावं घेऊन या म्हणून. त्याला बोटं नाहीत, तो काय वाचणार? मला होती, मी वाचून गप्प बसले. तुझी चूक एकच, सासू म्हणाली ते खरं मानलंस. बांध हा कमरेला, आणि चाल उलटी. आजपासून चाक मी फिरवीन. ढिलं पडलं, तर तू ओरड माझ्यावर."