पाळी सुटल्यावरचे दूध

मी एक जुनी किटली आहे. चहाची नव्हे बरे, दुधाची! चहाच्या किटल्या पैशाला पासरी मिळतात. मी एका बंद कारखान्याच्या उपाहारगृहात, फळीवर पालथी पडून आहे. इथे बोलायला चिटपाखरूही नाही. म्हणून मित्रांनो, तुमच्याशी बोलते.

ज्या कारागिराने मला घडवले, त्याने हातोडीने मला भरपूर बडवले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला ते देवपण खरोखरच मिळाले, आणि तेच वाईट झाले.

आमच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचे दोर आणि कापड होत असे. ॲस्बेस्टॉस म्हणजे दगडातून निघणारे बारीक तंतू. ते जळत नाहीत, म्हणून ते भट्ट्यांना आणि वाफेच्या नळांना गुंडाळतात. हे तंतू पिंजताना पांढरी धूळ उडे. ती कामगारांच्या भुवयांवर आणि डब्यांच्या झाकणांवर बसे. धूळ ओढून घेणारा पंखा भिंतीत होता, पण तो केव्हाच बंद पडला होता. कुणी दुरुस्तीचे नाव काढले की मुकादम विचारी, दूध मिळते ना? पेलाभर दूध प्यायले की धूळ धुऊन जाते, अशी तिथे सगळ्यांची पक्की समजूत होती. मुकादमही तेच दूध पीत असे.

पाळी सुटली की माझ्यासमोर रांग लागे. उपाहारगृहातली मावशी मला दोन्ही हातांनी उचलून पेले भरी. रांगेत पुढे असे शीळदादा. तो पिंजण यंत्रावर काम करी आणि सदान्‌कदा शीळ घाली, म्हणून त्याचे हे नाव पडले. मावशी दुधात पाणी घालते की पाण्यात दूध, असे तो तिला रोज चिडवी. अर्धा पेला पिऊन उरलेले दूध तो बाटलीत भरून घेई, घरी लेकीसाठी. अर्धी धूळ राहिली तर राहिली, म्हणून हसे. मला तो फार आवडे.

अशी बरीच वर्षे गेली. मग शीळदादाची शीळ मधेच तुटू लागली. उपाहारगृहाच्या चार पायऱ्या चढतानाही तो थांबे. बिचाऱ्या मावशीला वाटले, याला दूध कमी पडते. ती त्याचा पेला काठोकाठ भरू लागली. पुढे तो यायचाच बंद झाला. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झालाय, असे मावशीने डोळ्यांना पदर लावून मुकादमाला सांगितले. वीसपंचवीस वर्षांपूर्वी छातीत गेलेली धूळ आता उगवली होती.

आणि एके दिवशी त्याच्या जागी त्याची लेक कामावर आली.

संध्याकाळी ती रांगेत उभी राहिली. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मावशीने तिचाही पेला काठोकाठ भरला. तेवढ्यात शीळदादा दारात आला. कुणीतरी पुढे केलेल्या बाकावर तो बसला. धाप ओसरल्यावर तो लेकीकडे वळला.

"पिऊ नकोस, पोरी," तो म्हणाला. "दूध पोटात जातं. धूळ छातीत जाते. दोघांच्या वाटा वेगळ्या. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं मला."

"मग घर कसं चालणार, बाबा?"

"घर चालेल कसंही. तू चालत राहा."

लेकीने पेला तसाच खाली ठेवला. बापाला आधार देऊन ती त्याला घेऊन गेली. काहींनी आपले पेले बाजूला सारले, काही जण मान खाली घालून दूध प्यायले. पोटाला चिमटा बसतो तेव्हा माणूस काय करील? मी कुणाला नावे ठेवत नाही. पण त्या दिवशी मी अर्धी भरलेलीच परत गेले, आणि मला फार एकटे वाटले.

शीळदादा पुन्हा दिसला नाही. आणखी काही जण आजारी पडले, मग कारखानाच बंद झाला. मावशी निरोप घ्यायला आली तेव्हा सांगत होती, लेक आता एका छापखान्यात कागदांच्या घड्या घालते. तिलाही छातीची तपासणी करून घ्यावी लागते. लहानपणी बाबा कामावरून दारात आला की ती धावत जाऊन त्याला मिठी मारी, आणि त्याच्या कपड्यांवर तीच धूळ असे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. तुमचे आईबाबा कामावरून आले की त्यांना एवढेच विचारा, तिथली हवा कशी आहे? त्यांनी ते हसण्यावारी नेले, तर पुन्हा विचारा. त्या पोरीने विचारले नाही, कारण असे विचारायचे असते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.