पेव्हर थांबला ती जागा

मित्रांनो, नव्या रस्त्यावरून जाताना हातातल्या पेल्यातले पाणी हिंदकळले नाही, तर त्याचे श्रेय तुम्ही गाडी चालवणाऱ्याला देता. माझी त्याला हरकत नाही. पण त्या श्रेयातला एक लहानसा वाटा माझ्याकडेही यायला हवा, असे मला वाटते. मी रस्त्याचा सपाटपणा मोजणारी एक जुनी मापगाडी आहे.

माझा जन्म एका कारखान्याच्या लांबट शेडमध्ये झाला. हलक्या नळ्या जोडून केलेले शिडीसारखे अंग, दोन्ही टोकांना लहान चाकांचे घोळके, आणि मधोमध एकच मोकळे चाक. टोकांची चाके मला तोलून धरतात. मधले चाक रस्त्याच्या चढउताराबरोबर वरखाली होते आणि त्याला जोडलेली लेखणी सरकत्या कागदावर तशीच रेघ ओढते. रस्ता सपाट असला तर रेघ सरळ जाते, उंचवटा आला की उसळते. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी यंत्र कशाला, डोळे आहेत की! त्यावर माझे उत्तर असे, की ताज्या काळ्या डांबरावर डोळ्यांची फसगत होते. आणि स्वतः मन लावून केलेल्या कामातला उंचवटा तर करणाऱ्याला दिसतच नाही.

इतके पाय पाहून कामगारांनी माझे नाव 'गोम' ठेवले. आधी मला राग आला. पुढे त्या नावाची गोडी लागली, कारण त्या नावाने हाक मारणारी माणसे गोड होती.

त्यांत पहिली वहिनी. सगळा तळ तिला वहिनीच म्हणे. मला ढकलत नेण्याचे काम तिचे. सकाळी ती ओल्या फडक्याने माझी चाके पुसायची, चिकटलेले डांबर नखाने खरवडायची, आणि मग एका लयीत चालू लागायची. ती लय महत्त्वाची. घाई केली तर माझे मधले चाक उड्या मारते आणि रेघ खोटी पडते. तिचा नवरा पेव्हर चालवायचा. पेव्हर म्हणजे डांबरात घोळलेली गरम खडी सारख्या जाडीने अंथरत जाणारे धूड. ते मध्येच थांबता कामा नये. थांबले की त्याची जड पाटी गरम थरात रुतते, पुढची खडी निवते आणि तिथे उंचवटा राहतो. थांबावेच लागले, तर तेवढा भाग कापून काढायचा आणि नवा सांधा करून पुढे जायचे. हा गडी पेव्हर इतक्या सावकाश आणि एकसारखा नेई, की सगळे त्याला 'संथराव' म्हणत.

नवऱ्याने आज अंथरलेला रस्ता बायको उद्या तपासायची. मग थट्टेला काय तोटा?

"काय हो संथराव, घरी चादर घातली तरी वहिनी गोम फिरवतात का?"

"फिरवते तर! एक सुरकुती सापडली की परत घालायला लावते."

त्या रस्त्याच्या शेवटी एक पूल होता. काम दोन टोळ्यांकडे होते. लेखणी उसळेल तिथे वहिनी डब्यातल्या पिवळ्या रंगाने रस्त्यावर खूण करी. ज्या टोळीच्या पट्ट्यावर पिवळ्या रंगाची एकही खूण पडणार नाही, तिनेच पुलावरचा थर घालायचा, असे साहेबांनी ठरवले होते. संथरावाने पुलाचा ध्यासच घेतला होता. जेवता जेवता तो हवेत हात फिरवून पुलाचा बाक काढी, आणि वहिनी म्हणे, "आधी घास गिळा, मग पूल बांधा."

एका रणरणत्या दुपारी वहिनी मला घेऊन शेजारच्या पट्ट्यावरून चालली होती. तिला भोवळ आली. माझ्या नळीला धरून ती खालीच बसली. संथरावाने ते वरून पाहिले आणि पेव्हर थांबवून उडी मारली. तिच्या डोक्यावर पाणी ओतले, स्वतःची टोपी घातली, ती बोलू लागेपर्यंत तिथून हलला नाही. मग मात्र घाईघाईत परत चढला आणि सांधा न कापताच पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी तोच पट्टा माझ्या चाकांखाली आला. लेखणी उसळली.

"अहो, आली वर," वहिनी पुटपुटली.

"खडा असेल गं चाकाखाली. परत ने."

तिने केरसुणीने जागा झाडली आणि मला पुन्हा नेले. लेखणी तिथेच उसळली.

"जरा अलगद नेलीस तर?"

"अलगद म्हणजे कशी? आज तुमच्यासाठी अलगद, उद्या त्या दुसऱ्या टोळीसाठी पण अलगद. मग मला कशाला ठेवतील? ढकलायला काय, म्हैसपण ढकलेल हिला."

"काल मी थांबलो ते कोणासाठी?"

वहिनीने रंगाचा डबा खाली ठेवला. "माझ्यासाठी. ठाऊक आहे मला." आणि डबा परत उचलून तिने पिवळी खूण केली.

साहेब आले. "काय वहिनी, घरचाच माणूस पकडलात?"

"माणूस नाही साहेब, उंचवटा पकडला. काल मला चक्कर आली, म्हणून हे..."

"तिचा काही संबंध नाही," संथराव मध्येच म्हणाला. "थांबलो ते बरोबरच केलं. सांधा कापला नाही, ती चूक माझी."

पूल दुसऱ्या टोळीकडे गेला. संथरावाने घासणीचे यंत्र आणवले आणि तो उंचवटा स्वतः घासला. मग मी त्यावरून गेले. रेघ सरळ आली. घासल्याच्या बारीक चऱ्या मात्र तिथे राहिल्या, त्यामुळे त्या जागी टायरांचा आवाज किंचित बदलतो.

पुढे किरणांनी रस्ता मोजणारी मोटार आली. ती धावता धावता मोजते आणि चांगले मोजते, हे मी मान्य करते. मला टेंपोत घालून गोदामाकडे नेले तेव्हा संथराव टेंपो चालवत होता, शेजारी वहिनी होती. आवाज बदलला त्या जागी त्याने टेंपो हळू केला.

"इथे दरवेळी हळू का करता हो? रस्ता सपाट आहे. मी स्वतः मोजलाय."

"इथे थांबलो होतो ना एकदा."

"परत चक्कर आली तर थांबाल?"

"थांबेन की. पण या खेपेला सांधा कापीन."

वहिनी हसली ती पूल येईपर्यंत. मित्रांनो, आता गोदामात माझ्या चाकांवर गंज चढतो आहे. माझ्यासारखी जुनी मापे तुमच्या आसपास असतील, तर कधीमधी त्यांची चाके पुसा, तेलाचे दोन थेंब द्या. आणि आपल्या माणसाचे काम मोजायची पाळी आली, तर रंगाचा डबा क्षणभर खाली ठेवलात तरी चालेल; खूण मात्र जिथल्या तिथे करा.