बोलण्याची परीक्षा

कोकिळाला शिकायला पाठवायचं ठरलं ते तिच्या सासूच्या, शालूबाईच्याच शब्दावर. पिंपळगाव राजातल्या बायांनी नाकं मुरडली, तेव्हा शालूबाईनं पार चावडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं होतं, की सून माझी आहे, तिला दवाखान्यात लावीन नाहीतर कलेक्टर करीन, तुम्ही आपापल्या चुली सांभाळा. घरात मात्र तिनं अट घातली. एकच वर्ष. वर्षभर छकुलीला, आपल्या नातीला, ती सांभाळणार. दुसऱ्या वर्षाचं कोणी नाव काढायचं नाही.

म्हणून तर खामगावच्या कम्युनिटी कॉलेजातली ती परीक्षा महत्त्वाची होती. रुग्णसेवेच्या कोर्सला बसवण्याआधी तिथं नवीन बायांना तपासून गट देत. वरच्या गटात पडली तर थेट कोर्स, वर्षात मोकळी. खालच्या गटात पडली तर आधी वर्षभर पाया पक्का करायचा, मग कोर्स. म्हणजे दोन वर्षं. म्हणजे कोकिळा घरी परत.

लेखी पेपर कोकिळानं झकास सोडवला. मग नीरजा मॅडमनी तोंडी विचारायला आत बोलावलं. सुनेच्या मागोमाग शालूबाईही शिरली आणि कोणी काही म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसली.

मॅडमनी नाव विचारलं, शालूबाईनं सांगितलं. शिक्षण विचारलं, तेही तिनंच सांगितलं, वर पोरीला दहावी होताच बोहल्यावर उभी केली म्हणून व्याह्याला दोन शब्द हाणले. मॅडम हसून म्हणाल्या, आता ताईंना बोलू द्या. ताई पदराच्या काठाकडे बघत राहिली. मॅडमनी वेगवेगळ्या वाटांनी विचारून पाहिलं, पण 'हो' आणि 'नाही' यापलीकडे काही निघेना. शेवटी त्यांनी कागदावर लिहिलं, खालचा गट.

शालूबाईचा पारा चढला. तिनं मॅडमच्या वयापासून शिक्षणापर्यंत सगळं काढलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि समजावलं, की पेपर उत्तम आहे, पण रोग्याशी बोलताच येत नसेल तर त्या पेपराचं करायचं काय?

आमची सून मुकी नाही, घरी तर... असं म्हणायला शालूबाईनं तोंड उघडलं आणि तिथंच अडकली. घरी तर काय? शेजारणीशी, धम्मशीलाशी, कोकिळा कुंपणापाशी उभी राहून खिदळत बोलते, हे तिनं कितीदा ऐकलं होतं. आपण दारात आलो की ते बोलणं नळ बंद केल्यासारखं थांबतं, हेही तिला ठाऊक होतं. आजवर तिला त्याचा अभिमानच वाटत आला होता.

तिनं सुनेकडं पाहिलं. कोकिळा रडत नव्हती. पिशवी आवरून घरी जायला उठलीसुद्धा होती.

"ते मुकी नाही, मॅडम," शालूबाई म्हणाली. "माह्यासमोर बोलत नाही. मी भायेर बसतो. पुन्हा इचारा तिले."

एवढं बोलणं तिला फार जड गेलं. त्याचा राग तिनं खुर्चीवर काढला. उठताना अशी सरकवली की भिंतीवर आदळली.

बाहेर खिडकीखालीच बाक होता; तिथं बसलेल्या एका बाईशेजारी शालूबाई टेकली. आत मॅडम विचारत होत्या, म्हातारी रोगी औषध घेत नाही, उलट शिव्या देते, तर काय कराल? मग कोकिळाचा आवाज आला, आधी बारीक, मग मोकळा.

"पहिले शिव्या देऊ द्याव्या. आमच्या घरी हाएत ना एक. शिव्या सरल्या का माणूस थकते. मंग गोळी अन् पाणी जवळ ठेवून आपण आपल्या कामाले लागावं. घ्या म्हटलं तं घेत नाहीत. कोणी पाहून नाही राह्यलं, का घेतात."

बाकावरची बाई फिसकन हसली. कोणाची सून व हे, असं तिनं विचारलं.

"माही," शालूबाई म्हणाली, आणि अशी म्हणाली की बाईचं हसू जागच्या जागी विरलं.

वरचा गट मिळाला. एसटीत दोघींना शेजारी जागा मिळाली. गाडी सुटल्यावर शालूबाईनं विचारलं,

"कवा थकली व मी?"

कोकिळानं मान खाली घातली. मग वर केली.

"काल सांजच्यालेच, आई. भाजीत मीठ जास्त झालं तवा."

"होतंच जास्त," शालूबाई म्हणाली, आणि सून आता यावर काय म्हणते ते ऐकायला तिच्याकडं वळून बसली.