सोबत्याची जागा

दादाने आपलं वेल्डिंगचं दुकान भागीदाराच्या गळ्यात मारलं, ते चिमणीला न विचारताच. विचारायचं काय त्यात? बहिणीला परदेशात वर्षभर शिकायला शिष्यवृत्ती मिळत होती, तिचे पाय चालत नव्हते, आणि संस्था अशा विद्यार्थ्यासोबत एका सोबत्याचाही खर्च करत होती. सोबती म्हणजे भाऊच की! गल्लीभर सांगून झालं होतं. नवी बॅगही आली होती.

त्या सकाळी संस्थेच्या बाईंचा फोन आला, तेव्हा चिमणी आपल्या चाकाच्या खुर्चीत बसून पाना घेऊन एक ढिला नट आवळत होती. तिने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"सोबती कोण येणार?"

"कोणी नाही," चिमणी म्हणाली. "तो खर्च तिकडच्या मदतनिसावर करता येईल ना?"

"येईल की. माणूस तूच निवडायचा."

दारात उभ्या दादाच्या हातातला चहाचा कप भिंतीवर फुटला.

"परत बोल."

"ऐकलंस तेच."

कानाखाली अशी बसली की चिमणीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या फटक्यासरशी खुर्ची कलंडली. फरशीवर तोंड आपटून तिचा ओठ फाटला. खुर्ची दादानेच वेल्डिंग करून बनवली होती. कुठला जोड कच्चा, हे त्याला पक्कं ठाऊक. त्याने हातोडा उचलला आणि सांगाडा मोडेपर्यंत हाणला.

"पाठीवर घेऊन शाळेचे जिने चढलो मी! लोक हसायचे मला. विसरलीस, कृतघ्ने?"

"चढलास," चिमणी रक्त थुंकत म्हणाली. "पण खाली आणायला तुझी सवड लागायची. लघवी लागली तरी तुझा खेळ संपेपर्यंत मी वरच. आता वर्षभर तेच?"

त्याने वेणी धरून तिला फरफटत ओढलं. पाना अजून तिच्या मुठीत होता. तिने तो जीव खाऊन त्याच्या गुडघ्यावर मारला. हाड वाजलं. दादा किंचाळत तिच्यावरच कोसळला आणि त्याची बोटं तिच्या गळ्याभोवती आवळली गेली. धावत आलेल्या आईने त्याची कॉलर ओढली. कोपराच्या एका धक्क्याने ती कपाटावर जाऊन आदळली.

"मी पोलिसांना कळवलंय," टेबलावरून आवाज आला. "पत्ता माझ्यापुढेच आहे."

बोटं सुटली. चिमणी खोकत श्वास ओढू लागली. दादा गुडघा कवटाळून रडायला लागला.

"दुकान गेलं माझं, चिमणे. आता तोंड कुठे दाखवू?"

आई दारात येऊन बसली. तिच्या कपाळावर टेंगूळ उठलं होतं. "पडलीस म्हणून सांग गं पोरी. तुझाच दादा आहे."

चिमणीने आईकडे पाहिलं. मग टेबलक्लॉथ ओढून फोन खाली पाडला.

"बाई, मी पडले नाही. भावाने मारलं मला. खुर्चीही फोडली. आता माझं जाणं रद्द होणार का?"

"मुळीच नाही. खुर्चीचं मी बघते. तू आधी त्या घरातून बाहेर पड. जमेल?"

"जमवते."

फोन दातांत धरून ती कोपरांवर सरकत निघाली. फुटक्या कपाचे तुकडे हातांत रुतत होते. दारात पोचल्यावर तिने फोन काढून हातात घेतला.

"आई, सरक."

आईने आधी दादाकडे पाहिलं. मग तिने पाय जवळ ओढून घेतले.